गरिबी आपली, गोष्ट कुणाची?

लहानपणी सोसलेलं लिहावंसं सगळ्यांनाच वाटतं. पण त्याची गोष्ट करायची तर? इंदुरीच्या एका मुलीला याचं उत्तर थेट तळेगावात सापडलं...

ज्याला भेटावं त्याच्या लॅपटॉपमध्ये हल्ली एक कादंबरी अर्धवट पडलेली असते. विश्वास नाही बसत? उद्या लंच टाइमला टेबलावर सहज विचारून बघा. आणि त्यातल्या बऱ्याचशा कादंबऱ्यांचा विषय एकच असतो : आमचे हलाखीचे दिवस! साहजिकच आहे म्हणा. आपल्यातले कितीतरी जण घरातले पहिले इंजिनिअर, पहिले पासपोर्टवाले आणि पहिले ईएमआयवाले. एकाच पिढीत वाडीतून, चाळीतून, वस्तीतून टू बीएचकेत आलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. फाईलला नावही झक्कास दिलेलं असतं. गाडी अडते ती तिसऱ्या-चौथ्या पानावर.

माझ्याकडेही अशी एक फाईल आहे. मी इंदुरीची. वीकेंडवाल्यांना इंदुरी माहीत असते ती कुंडमळ्यामुळे. इंद्रायणीच्या खडकाळ पात्रातले रांजणखळगे, पावसाळ्यातलं फेसाळतं पाणी, फोटो... १५ जून २०२५ला तिथला जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला, तेव्हा गावाचं नाव देशभरच्या चॅनेलवर झळकलं. इतिहासवाल्यांना इंदुरी माहीत असते ती सरसेनापती खंडेराव दाभाड्यांच्या गढीमुळे. भाविकांना भंडारा डोंगरामुळे.

मला आठवते ती मात्र दुसऱ्याच्या खाचरातली भातलावणी. आई आषाढात लोकांच्या वावरात दिवसभर वाकून इंद्रायणी भात लावायची. घमघमाट सुटतो तोच तो इंद्रायणी तांदूळ! आमच्या घरात मात्र शिजायची ती कणी. गिरणीत तांदूळ सडल्यावर मागे उरते ती, स्वस्तातली. वडील ट्रकवर माल चढवायला-उतरवायला जायचे आणि पाठ धरली की आठ-आठ दिवस घरी बसायचे. थोरल्या दादाने आठवीत शाळा सोडली आणि एका चहाच्या गाडीवर कपबशा विसळायला लागला. मी शिकले. इतकी शिकले, की आज हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि मॉलमधून पाच किलोची इंद्रायणीची पिशवी घरी नेते.

हे सगळं कथेत यायला हवं, असं मला कॉलेजपासून वाटतंय. पण लिहायला बसलं की दोनच गोष्टी होतात. एक तर शाळेतल्या निबंधासारखं काहीतरी उतरतं, 'मी एका गरीब कुटुंबात जन्मले' छापाचं. नाहीतर इतकं रडकं होतं, की मलाच कंटाळा येतो. त्यात एके दिवशी आईला सांगितलं, की आपल्यावर गोष्ट लिहितेय. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहायचं तर लिही बाई, पण आमची नावं नको. लोकं विचारतील."

आता आली का पंचाईत! नावं काढायची, घर बदलायचं आणि तरी खरं लिहायचं. हे कसं करतात?

शेजारच्या गावातले अप्पा

याचं उत्तर शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. इंदुरीहून तळेगाव दाभाडे म्हणजे हाकेच्या अंतरावर. त्याच तळेगावात कितीतरी वर्षं एक लेखक राहत होता. गोपाळ नीलकंठ दांडेकर, अर्थात गोनीदा. जवळच्यांचे अप्पा. 'जैत रे जैत' सिनेमा तुम्ही पाहिला असेल ना? त्यामागची कादंबरी त्यांची.

गोनीदांचा जन्म १९१६चा, विदर्भातल्या परतवाड्याचा. वयाच्या बारा-तेराव्या वर्षी हा मुलगा स्वातंत्र्याच्या चळवळीच्या ओढीने घरातून पळाला. आपण त्या वयात व्हिडिओ गेमसाठी भांडतो! पुढे गाडगेबाबांचा सहवास, नर्मदेची परिक्रमा, वाट्टेल तिथे झोपणं, मागून खाणं. शाळा सुटली ती सुटलीच. भूक, थंडी, अपमान, अनोळखी माणसांची माया, सगळ्याचा साठा अप्पांच्या गाठीला होता.

आता असा साठा असलेल्या माणसाने पहिल्या फटक्यात काय लिहायला हवं होतं? 'माझी संघर्षगाथा'! आज असता तर प्रकाशकांनी दारात रांग लावली असती. गोनीदांच्या १९५०च्या दशकातल्या गाजलेल्या कादंबऱ्या मात्र बघा. 'पवनाकाठचा धोंडी' ही आमच्या मावळातल्या, तुंग किल्ल्याच्या परिसरातल्या माणसाची. 'माचीवरला बुधा' मुंबईचं जगणं मागे टाकून राजमाचीवर परतलेल्या म्हाताऱ्याची. 'पडघवली' तर कोकणातल्या एका गावाची, आणि ती सांगतेय कोण, तर अंबूवहिनी! घरातून पळालेला वऱ्हाडातला मुलगा कोकणातल्या बाईच्या तोंडून बोलतोय. स्वतःच्या आठवणी सांगणारी 'स्मरणगाथा' बरीच नंतर आली. तिला १९७६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परिक्रमेचा अनुभव घेऊन त्यांनी कादंबरी लिहिली, तिचं नावसुद्धा 'कुणा एकाची भ्रमणगाथा'. 'माझी' नाही, कुणा एकाची!

हे नाव वाचलं आणि माझ्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली. आईची अट आणि गोनीदांचं शीर्षक एकच गोष्ट सांगत होते. भोगलेलं आपलं असलं, तरी गोष्टीत ते दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करावं लागतं.

आधी नारबा, मग आनंदा

म्हटलं, हा एकट्या गोनीदांचा स्वभाव असेल. म्हणून आनंद यादव काढले. कागलचे, जन्म १९३५. 'झोंबी' वाचलेल्याला वेगळं सांगायला नको. वडिलांनी शाळा सोडवून मळ्यात जुंपलेला, शिकण्यासाठी घरातून पळालेला मुलगा पुढे पुणे विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक होतो. 'झोंबी' आली १९८७मध्ये आणि १९९०मध्ये तिला साहित्य अकादमी मिळालं. पण यादवांची 'गोतावळा' आली होती १९७१मध्येच! तिच्यात आनंदा नाही. तिच्यात आहे नारबा. मालकाच्या मळ्यात राबणारा एकटा गडी. गुरंढोरं हाच त्याचा गोतावळा, आणि मळ्यात ट्रॅक्टर येतो तसा तोही उधळत जातो. मळ्यातली पहाट, शेणाचा वास, बैलाच्या मानेवरचा घट्टा हे सगळं आनंदाने पाहिलेलं होतं. लेखकाने ते आधी नारबाला देऊन टाकलं. स्वतःची पाळी सोळा वर्षांनी आली.

आणि अण्णा भाऊ साठे? त्यांची गोष्ट आणखी वेगळी. १९२०मध्ये वाटेगावात, मातंग समाजात जन्म. शाळेशी संबंध जेमतेम दीड दिवसाचा, असं सांगितलं जातं. कुटुंबाबरोबर पायी मुंबई गाठलेला हा मुलगा पडेल ते काम करत जगला, आणि १९५९मध्ये त्याने 'फकिरा' दिली. त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा एकदा वाचाच. रात्री एकट्याने वाचू नका, एवढीच सूचना! खाणीतलं काम बंद पडलेला भीमा जळालेल्या मढ्यांच्या राखेतून सोनं वेचायला लागतो. शेवटी एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात, ती कापावी लागतात. आणि त्याच वेळी बातमी येते, की खाण पुन्हा सुरू झाली!

अण्णा भाऊ म्हणजे भीमा नव्हेत. पण काम बंद पडल्यावर माणसाचं डोकं कसं हिशेब करतं, हे त्यांना आतून माहीत होतं. तो हिशेब त्यांनी भीमाला दिला.

इथे एक फरक मात्र विसरायला नको. गोनीदांनी घर स्वतः सोडलं होतं. यादवांना शिक्षणासाठी घराशीच झुंजावं लागलं. अण्णा भाऊंच्या वाट्याला गरिबीच्या जोडीला जातही आली होती, आणि ती काही कुणी घर सोडून मागे टाकू शकत नाही. तिघांनाही एकाच 'संघर्ष'च्या फोल्डरमध्ये टाकणं हा आपला आळस झाला. तुमची गरिबी नेमकी कुठली, हे लिहिण्याआधी ठरवावंच लागतं.

कणी कुठे आणि किती

या तिघांना वाचताना आणखी एक जाणवलं. त्यांची माणसं सारखी रडत बसत नाहीत. भीमा अंगापिंडाने दांडगा आहे, ताकदीचा त्याला गर्व आहे. नारबा जनावरांशी गप्पा मारतो. आमच्याही घरात कुठे सारखं रडणं होतं? दादा चहाच्या गाडीवरच्या गिऱ्हाइकांच्या अशा नकला करायचा, की आई हसून हसून चुलीपुढून उठायची. माझ्या फाईलमधून नेमकं हेच गायब होतं.

दुसरं म्हणजे हिशेब. 'आम्ही फार गरीब होतो' हे वाक्य वाचून कुणालाही काही दिसत नाही. कणी मापट्याने आणायची, की पायलीने? दुकानदार उधारीच्या वहीत लिहिताना मोठ्याने आकडा म्हणायचा, की हळू? पाऊस लागला की घरातली कुठली तीन भांडी गळक्या जागी ठेवायची, आणि मग स्वयंपाक कशात करायचा? हे लिहिलं, की गरिबी हा शब्द लिहावाच लागत नाही. आणि हे फक्त त्यातून गेलेल्यालाच येतं. कठीण बालपणाने लेखकाला दिलेलं खरं भांडवल हेच असावं. कथानक बाहेरून मिळतं, पात्रं इकडून-तिकडून गोळा करता येतात, पण मापट्याचा आकार आठवावाच लागतो.

जाता जाता आमच्या भंडारा डोंगराची आठवण. ज्या तुकोबांचं चिंतन तिथे चालायचं, त्यांचीही पहिली बायको १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात अन्नावाचून गेली. ते काही कादंबरीकार नव्हते, पण गोनीदांनी त्यांच्यावर 'तुका आकाशाएवढा' ही कादंबरी लिहिली. एका उपाशी माणसाचं दुःख तीनशे वर्षांनी दुसऱ्या, भूक पाहिलेल्या माणसाने हातात घेतलं. आमच्या गावातून तो डोंगर रोज दिसतो, पण मला हे कळायला तिशी उलटावी लागली.

दादाची गोष्ट

एवढं झाल्यावर मी फाईल पुन्हा उघडली. पण मधे एक अडचण होती, आईच्या अटीपेक्षा मोठी. माझ्या कथेतला सगळ्यात चांगला भाग माझा नव्हताच. शाळा सुटली दादाची. हात फुटले ते दादाचे. मी तर त्या वेळी घरी बसून बेचाचे पाढे पाठ करत होते. आज दादाचा स्वतःचा टेम्पो आहे, चाकण एमआयडीसीत फेऱ्या असतात. दोन पोरं इंग्लिश मीडियमला आहेत. कपबशांचा विषय तो कधीच काढत नाही.

एका रविवारी विचारलंच. "दादा, तुझ्या शाळेचं लिहू का?"

तो गाडी पुसत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लिही की. पण त्याला बिचारा करू नको. मला त्या गाडीवर मजा यायची. पयला पगार आणला तवा आई रडली, मी नाय." थोडं थांबून म्हणाला, "आन् त्याला शाळेची आठवण यायची, ते पण लिही. ते कुनाला सांगितलं नाय मी."

एकाच वेळी मजाही यायची आणि शाळाही आठवायची. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं, आणि मी त्याच्यावर कथा लिहायला निघाले होते!

आता माझ्या कथेतला मुलगा इंदुरीचा नाही. त्याचं गाव नदीच्या वरच्या अंगाला आहे, त्याला बहीण नाही, आणि तो चहाऐवजी सायकलच्या दुकानात पंक्चर काढतो. नावं बदलली, घर बदललं, आईची अट पाळली. तो नकला मात्र झक्कास करतो. दुकानासमोरून शाळेची पोरं जायला लागली, की तो ट्यूब पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे येणं बंद झालं तरी खाली बघत राहतो. एवढं एकच वाक्य लिहायला मला तीन रविवार लागले.

तुमच्याही लॅपटॉपमध्ये अशी फाईल असेल, तर या वीकेंडला एवढंच करा. तुमच्या गोष्टीत तुमच्याऐवजी कुणी शाळा सोडली, कुणी अर्धी भाकरी तुमच्या ताटात सरकवली, ते माणूस शोधा. ते अजून असेल, तर त्याला फोन करा. कादंबरी पूर्ण होईल की नाही, सांगता येत नाही. फोन मात्र बराच वेळ चालेल.