नूरच्या संदेशाची वाट पाहताना

सिरियातील होम्स शहर सोडून नूर युरोपच्या वाटेला लागते. घरच्यांसाठी मागे राहिलेला तिचा नवरा मज्द मोबाइलवरून फक्त संदेश पाठवू शकतो. २०१७ साली फ्रान्समध्ये तयार झालेल्या ‘बरी मी, माय लव्ह’ या गेममध्ये खेळणाऱ्याने मज्द व्हायचे असते. ‘ल माँद’ दैनिकाने छापलेल्या एका सिरियन तरुणीच्या खऱ्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांतून ही कल्पना सुचली. नावामागे अरबीतला मायेचा उद्गार आहे: माझ्याआधी तू जाऊ नकोस, मला तूच दफन कर.

गेमवर दोन आक्षेप घेता येतात. एक, आपला सल्ला नूरला कुठे नेईल, हे आधी कळतच नाही. शेवट १९ आहेत आणि सगळे सुखाचे नाहीत. आम्हाला मात्र हेच खरे वाटते. नूर तासन्‌तास गप्प राहते, तेव्हा मागे राहिलेल्यांची घालमेल समजते.

दुसरा आक्षेप जड आहे: निर्वासितांचे दुःख करमणूक ठरावे का? फोन ठेवला की आपली काळजी संपते. त्यांची संपत नाही. म्हणून मुलांनी हा गेम खेळला, तर त्यांच्याशी सिरियाविषयी जरूर बोला.