चाकणची कूपे, लोहाऱ्याचा रस्ता

पुण्याजवळच्या चाकणमधून बाहेर पडलेल्या दोन गाड्यांची ही पारख आहे. पहिली मर्सिडीज-एएमजी जीएलसी 43 कूपे. मर्सिडीजच्या वेगवान गाड्यांचा ‘एएमजी’ बिल्ला लावून भारतात जुळणी झालेली ही पहिली गाडी, 3 नोव्हेंबर 2020 ला 76.70 लाखांना बाजारात आली. दुसरी महिंद्राची बीई 6. ती पूर्ण विजेवर चालते. 26 नोव्हेंबर 2024 ला तिची सुरुवातीची किंमत जाहीर झाली 18.90 लाख. दोन्ही उंच बांध्याच्या, दोन्हींचं छप्पर ड्रायव्हरच्या डोक्यावरून मागे उतरत गेलेलं, आणि दोन्ही वेगाच्या नावाने विकल्या गेलेल्या. मासिकांतून अशा गाड्यांची परीक्षा एक्स्प्रेस-वेवर नाहीतर रेसट्रॅकवर होते. इथे ती धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्यात करायची आहे, कारण जिथे गाडी रोज चालणार तिथला रस्ताच तिचा खरा परीक्षक.

कूपे म्हणजे मुळात दोन दारांची, ठेंगण्या छपराची, मालकाने स्वतः चालवायची गाडी. आपल्याकडे तसे प्रयत्न झाले आहेत. गोव्यात सॅन मोटर्सने 1998 च्या सुमारास फायबरग्लासच्या बॉडीची, रेनॉचं छोटं इंजिन बसवलेली दोन आसनी ‘स्टॉर्म’ काढली. दिलीप छाब्रियांच्या डीसी कंपनीने 2012 च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ‘अवंती’ दाखवली. तिलाही रेनॉचंच दोन लिटरचं टर्बो इंजिन होतं. दोन्ही गाड्या थोड्याच हातांत गेल्या. आपल्या बाजारात कूपे रुजली ती चार दारं आणि एसयूव्हीची उंची घेऊन. शुद्धतावाद्यांना ते खटकतं. आपल्याकडचे रस्ते पाहिले तर मला ते शहाणपणाचं वाटतं.

लोहारा तालुका काळ्या मातीचा. सोयाबीन, तूर, ऊस. माकणीला निम्न तेरणेचं धरण. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता सपाट राहत नाही, लाटा धरतो. खड्डा दिसतो तरी. ही लाट दिसत नाही. ऐंशीच्या वेगात गाडी लाटेवरून उचलली जाते आणि खाली येताना स्प्रिंग पूर्ण दबते. तेव्हा कळतं की सस्पेन्शन चांगलं म्हणजे नुसतं मऊ नव्हे. गाडी एकदा बसून लगेच स्थिर झाली पाहिजे, दोन-तीनदा डुलली की मागच्या सीटवरचं पोर उलटी करतं. बीई 6 च्या वरच्या श्रेणीत रस्त्याप्रमाणे कडकपणा बदलणारे शॉक ॲब्सॉर्बर आहेत. जीएलसी 43 चं सस्पेन्शन मुळातच वळणांसाठी कडक बांधलेलं. जर्मन हायवेवर तो गुण ठरतो. लोहारा-सास्तूर रस्त्यावर पाठीच्या मणक्याला त्याचा हिशोब द्यावा लागतो.

आता टायर. याकडे गिऱ्हाईक सगळ्यात कमी बघतं आणि पुढे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. बीई 6 ला मिळणाऱ्या टायरांत 245/55 आर 19 आणि 245/50 आर 20 ही मापं आहेत. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची रबराच्या भिंतीची. गणित मांडा: 19 इंची चाकावर रबर 135 मिलिमीटर, 20 इंचीवर 122. दोन्ही चाकांचा बाहेरचा घेर जवळजवळ सारखाच, म्हणजे मोठी रिम घेतल्याने गाडी उंच होत नाही. वाढते ती रिम, घटतं ते रबर. खड्ड्याच्या धारेवर चाक आदळलं की रिम वाकू न देणारं हेच ते तेरा मिलिमीटर. फोटोत 20 इंची चाक देखणं दिसतं यात वाद नाही. पण रिम वाकली की ती सरळ करायला गावातला पंक्चरवाला उपयोगाचा नाही. स्टेपनी मिळते की नुसतं पंक्चर किट, हेही बुकिंगआधी विचारून घ्यावं.

पोटाखालची उंची बीई 6 ची 207 मिलिमीटर. नियमाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, म्हणजे चढ-उतार सावकाश होतो. गावातला गतिरोधक अरुंद आणि टोकदार असतो, पांढरे पट्टे बहुधा पुसलेले. पुढची चाकं उतरून तो नेमका दोन चाकांच्या मध्ये आला, गाडीत पाच माणसं आणि डिकीत दोन पोती असली, की घासण्याचा आवाज येतो. विजेच्या गाडीत त्या जागी बॅटरी असते. म्हणून शोरूमवाल्याला एकट्याने चक्कर मारून दाखवू देऊ नका. घरची माणसं बसवून आपल्याच गतिरोधकावरून गाडी न्या.

रुंदीचं तर कुणी बोलतच नाही. बीई 6 आरसे सोडून 1,907 मिलिमीटर रुंद आहे. एकपदरी डांबरी रस्ता असतो पावणेचार मीटरचा. अशा दोन गाड्या समोरासमोर आल्या तर दोघींची रुंदीच 3.81 मीटर होते, म्हणजे एकीला साईडपट्टीवर उतरणं भाग. पावसाळ्यात ती साईडपट्टी म्हणजे काळ्या मातीचा चिखल. मागच्या चाकांवर चालणाऱ्या दोन टनी गाडीने तिथे जपूनच उतरावं.

वेगाचं सांगायचं तर कंपन्यांच्या आकड्यांत 2020 ची जीएलसी 43 शून्यापासून शंभर 4.9 सेकंदांत गाठते, 390 अश्वशक्तीच्या तीन लिटरी व्ही 6 इंजिनावर. बीई 6 ची मोठी बॅटरी असलेली गाडी तेच 6.7 सेकंदांत करते, 286 अश्वशक्तीवर. या दोन सेकंदांचा लोहाऱ्याला उपयोग काय? आष्टामोडला हैदराबाद हायवेला लागेपर्यंत शंभर गाठायची संधीच मिळत नाही. कामाला येतो तो पन्नास-साठवरचा पिकअप. साखर कारखाने सुरू झाले की पुढे उसाची डबल ट्रॉली असते, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. तिला ओलांडताना पाय दाबल्या क्षणी ताकद हवी. पेट्रोल गाडीचा गिअरबॉक्स आधी दोन-तीन गिअर खाली येतो, मग ओढतो. मोटरला ती थांबाथांब नाही. या एका कामात चाकणची स्वस्त गाडी महाग गाडीच्या बरोबरीला बसते असं माझं मत आहे.

ब्रेकचंही लक्षात ठेवा. कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक लावूनही ऐंशीच्या वेगातली गाडी थांबायला तीसेक मीटर घेते, शंभरला पन्नास, एकशेवीसला सत्तर. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं एक सेकंद. तेवढ्यात शंभरच्या वेगात 28 मीटर निघून जातात. रात्री ट्रॉलीचं मागचं फळकूट त्याहून उशिरा दिसतं, आणि तिथे कुठलाही बिल्ला मदतीला येत नाही.

आरामाची माझी कसोटी मागच्या सीटवर आहे. नऊवारी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आजीला मागे बसवून बघा. ती आधी पाठ आत घालते, मग डोकं, मग एका हाताने पाय उचलून घेते. कूपेचं छप्पर नेमकं डोकं आत घालायच्या जागी उतरलेलं असतं. त्यात विजेच्या गाडीत खाली बॅटरी असल्याने पाय ठेवायची जागा उंच, गुडघे वर येतात आणि मांडीला आधार मिळत नाही. तुळजापूरला जाऊन यायला चालेल. पुण्यापर्यंतचे तीनशेहून अधिक किलोमीटर तिला तसं बसवणं बरं नव्हे. मागे बसणारं माणूस वयस्क असेल तर कूपे घेऊच नये, साधी सरळ छपराची गाडी घ्यावी.

पैशाकडे येऊ. जीएलसी 43 कूपेची पुढची पिढी ऑगस्ट 2024 मध्ये आली ती 1.10 कोटींना. व्ही 6 गेलं, चार सिलिंडरचं दोन लिटरी इंजिन आलं, ताकद 421 अश्वशक्ती झाली, आणि शून्य ते शंभरचा वेळ 4.8 सेकंद. जवळपास 33 लाख वाढले, सेकंदाचा दहावा भाग वाचला. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर 13 टक्के वाहनकर, म्हणजे त्या किमतीवर धाराशिवची एमएच 25 ची पाटी लागेपर्यंत आणखी 14.30 लाख. कंपनीच्या नावावर घेतली तर 20 टक्के. विजेच्या गाडीला राज्याने हा कर माफ केला आहे आणि जीएसटीही 5 टक्केच. मोठ्या बॅटरीची सगळ्यात वरची बीई 6 जानेवारी 2025 मध्ये 26.90 लाखांना जाहीर झाली, चार्जर वेगळा. ती बॅटरी 79 युनिटांची, म्हणजे 79 किलोवॅट-तासांची. प्रमाणित चाचणीतली रेंज 682 किलोमीटर. पण एसी लावून शंभरच्या वेगाने किलोमीटरला 170 ते 180 वॅट-तास लागतात असं धरलं तर हाती 440 ते 460 येतात. पुणे एका दमात होतं. दहा रुपये युनिट धरलं तरी किलोमीटरला पावणेदोन रुपये. जोरकस पेट्रोल इंजिन लिटरला आठ किलोमीटर देत असेल तर तोच किलोमीटर तेरा रुपयांना पडतो.

लोहाऱ्यात राहून मला घ्यायची तर मी मोठ्या बॅटरीची बीई 6 घेईन, 19 इंची चाकांवर, आणि मागे मुलं बसणार असतील तरच. बुकिंगच्या आधी दोन कामं उरकावीत. कारचं वर्कशॉप नेमकं किती लांब आहे ते विचारावं. तालुक्याला महिंद्राचा ट्रॅक्टर दुरुस्त होतो म्हणून ही गाडीही तिथे होईल असं धरू नये. आणि वायरमनला घरी बोलावून अर्थिंग तपासावं, मंजूर भार वाढवून घ्यावा. 7.2 किलोवॅटच्या चार्जरवर ही बॅटरी भरायला जवळजवळ बारा तास लागतात, आणि मध्ये लाईट गेली तर तेवढा वेळ पुढे ढकलला जातो.