पडद्यावरची काच आणि छापखान्याची शाई

एखाद्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ डोळ्यांपुढे आणा. मागे पणत्यांचे छायाचित्र, त्यावर फिकट रंगाची आरपार दिसणारी पट्टी, पट्टीवर अंकाचे नाव आणि नावाखाली मऊ सावली. संगणकाच्या पडद्यावर हे सारे एकावर एक ठेवलेल्या काचांसारखे दिसते. पण छापखान्यात काच नसते. ऑफसेटच्या प्लेटवर कोणत्याही एका जागी शाईचा ठिपका असतो किंवा नसतो. अर्धा ठिपका असा प्रकारच नाही. (चार रंगांच्या शाया स्वतः पारदर्शक असतात, पिवळ्यावर सायन पडली की हिरवे दिसते, हे खरे, पण संगणकातली काच ती नव्हे.)

तेव्हा जिथे जिथे एकावर दुसरे आले आहे, तिथे शेवटी चार शायांचे प्रमाण किती, हा हिशेब कोणीतरी करावाच लागतो. या कामाला ‘फ्लॅटनिंग’, म्हणजे सपाट करणे, म्हणतात. पट्टी जिथे छायाचित्राला भिडते तिथे चित्र कापले जाते, सावली जिथे अक्षराला शिवते तिथे अक्षर कापले जाते. ज्या तुकड्यांचा हिशेब रेषांत मांडता येत नाही, त्यांचे बारीक ठिपक्यांचे चित्र होते. प्रश्न इतकाच, की हे काम कोणी आणि केव्हा करायचे?

याला थोडा इतिहास आहे. १९८४ साली आलेल्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत रंग म्हणजे भिंतीवरचा चुना. वरचा थर खालच्याला झाकणार. इलस्ट्रेटर ९ मध्ये २००० साली आणि पीडीएफ १.४ मध्ये २००१ साली पारदर्शकता आली, पण छापखान्यांतली यंत्रणा जुनीच होती. म्हणून पीडीएफ एक्स-१ए या प्रकारात पारदर्शकतेला बंदीच आहे. फाइल आधी सपाट करूनच द्यायची. पुढे २००८ साली प्रमाणित झालेल्या पीडीएफ एक्स-४ मध्ये ती तशीच ठेवता येते, आणि हिशेब छापखान्याचा रिप, म्हणजे प्लेटसाठी ठिपके पाडणारी यंत्रणा, करतो. माझ्या मते जमेल तिथे हाच मार्ग धरावा. कोणती प्लेट, कोणता कागद, हे छापखान्यालाच ठाऊक असते.

आता बिघडते कुठे ते पाहू. पहिली गोष्ट मजकुराची. सावलीच्या खाली सापडलेली अक्षरे ठिपक्यांची किंवा नुसत्या बाह्यरेषांची होतात आणि शेजारच्या ओळीपेक्षा जाड दिसतात. उपाय सोपा आहे: मजकूर सर्वांत वरच्या थरावर ठेवावा.

मराठीची मात्र आणखी एक खोच आहे. अक्षरांची शिरोरेघ सलग दिसावी म्हणून पुष्कळ फाँटांत शेजारच्या अक्षरांच्या रेघा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात. अशा अक्षरांच्या बाह्यरेषा करून प्रत्येकाला वेगळी पन्नास टक्के पारदर्शकता दिली, तर रेघ जिथे जुळते तिथे काळा रंग पन्नासचा पंचाहत्तर टक्के होतो. ‘शुभविवाह’ या शब्दावर मग काळपट टाके दिसू लागतात! म्हणून अक्षरे आधी एकत्र जोडावी आणि पारदर्शकता त्या गटाला द्यावी. बरे, मागे कोरा पांढरा कागदच असेल तर काच हवीच कशाला? पन्नास टक्के काळा रंग भरला की झाले.

लग्नपत्रिकेतली सोनेरी शाई ही स्वतंत्र शाई. तिच्यावर सावली किंवा ‘मल्टिप्लाय’ टाकले आणि फाइल सपाट केली, तर कधी कधी सोनेरीचे चार रंगांत रूपांतर होते आणि हाती मोहरीचा मळका रंग येतो. पडद्यावर हे कळत नाही. अॅक्रोबॅटमध्ये एकेक प्लेट वेगळी पाहण्याची सोय आहे, तिथे सोनेरीची प्लेट जागेवर आहे ना, एवढे पाहावे. मिश्रणाचा हिशेब सीएमवायके रंगांत ठेवलेला आहे ना, हेही पाहावे. आरजीबीत राहिला तर रंग बदलतात.

सपाट केलेल्या फाइलीत केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसल्या की पुष्कळजण घाबरतात. चित्र मोठे करून पाहा. रेघ तेवढीच बारीक राहिली, तर तो बहुधा पडद्याचा खेळ आहे, कागदावर येत नाही. रेघही मोठी होऊ लागली, तर मात्र तिथे खरीच फट आहे.

छापखान्याने एक्स-१ए मागितलीच, तर सपाट करताना रेषा आणि अक्षरांसाठी इंचाला १२०० आणि सावल्यांसाठी ३०० ठिपके ठेवावे. आणि मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवावी, कारण एकदा कापलेले तुकडे पुन्हा सांधता येत नाहीत.