राखेचा फेरा आणि रिकामी गाडी

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी आमच्याकडे आला. चंद्रपुरांत त्याचा मालवाहतुकीचा लहानसा धंदा. वडिलांच्या मागें उरलेले दोन ट्रक, धाकटा भाऊ, वृद्ध आई व मुलेंबाळें असा संसार. पायां पडून म्हणाला, "गुरुजी, बल्कर घेतों आहें. आईच्या पाटल्या गहाण टाकाव्या लागतील. एकदां हिशेब तपासून द्या." बल्कर म्हणजे काय हें आम्हांला त्याच्याकडूनच शिकावें लागलें, विद्यार्थी गुरु झाला तर त्यांत आम्ही कमीपणा मानीत नाहीं.

मोठी बंद टांकी चाकांवर बसविलेली वाचकांनीं कल्पावी. तींत कोरडी राख भरतात, व कारखान्यांत पोंचल्यावर दाबाच्या हवेनें नळींतून वरच्या कोठारांत ढकलतात. चुलींतली राख भांड्यांपलीकडे न पाहिलेल्या गृहिणी विचारतील, राखेला एवढा मान कां? येथील औष्णिक वीजकेंद्र १९८३ सालीं सुरू झालें. आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. देशी कोळसा शंभर मण जाळला तर तीस-चाळीस मण राख मागें उरते. पूर्वीं ती बहुतेक पाण्यांत कालवून तलावांत सोडीत, आणि उन्हाळ्यांत वारा सुटला कीं ती उडून आसपासच्या गांवांतील वाळवणांवर येऊन बसे. सप्टेंबर १९९९ मध्यें केंद्र सरकारनें राखेच्या उपयोगासंबंधीं पहिली अधिसूचना काढली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनें तर सगळी राख उपयोगांत आणण्याचें बंधन घातलें, व जी उरेल तिच्यावर टनामागें १००० रुपये भरपाई बसविली. इकडे घुग्घूस, गडचांदूर, आवारपूर येथें सिमेंटचे कारखाने आहेतच, आणि पोझोलाना सिमेंटांत शेंकडा १५ ते ३५ राख मिसळण्यास मानकाची मुभा आहे.

खाणींतून कोळसा केंद्राकडे, केंद्रांतून राख कारखान्याकडे. टाकाऊ म्हणून कांहीं उरत नाहीं. यासच हल्लीं चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात. माल फिरतो त्या अर्थीं गाडीवाल्यास दोहों बाजूंनीं भाडें मिळत असेल, असा आमचाहि प्रथम ग्रह झाला. परंतु ज्यांनीं रहाट पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे कीं, एका बाजूचीं गाडगीं भरून वर येतात, तर दुसऱ्या बाजूचीं रिकामींच खालीं जातात.

त्रैराशिक मांडलें तेव्हां हेंच निघालें. बल्कर राख घेऊन जातो तो रिकामा परततो. त्यांत कोळसा घालतां येत नाहीं. सिमेंट घालावें, तर टांकी आंतून साफ करावी लागते. आणि सिमेंटचें गिऱ्हाईक कांहीं वीजकेंद्रांत बसलेलें नाहीं. दर टनामागें, तो भरल्या फेरीचा. परतीचें डिझेल, टायर व चालकाची रात्र त्यांतूनच. कोठार भरलेलें असलें कीं दारांत रांग. पावसाळ्यांत बांधकामें मंदावलीं कीं राखेची मागणी घटते. हप्ता मात्र बारमाही.

गडचिरोलीकडेहि निराळें नाहीं. एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडचें लोहखनिज ट्रकांनीं थेट घुग्घूसपर्यंत येऊं लागलें. परत जातांना त्या अरण्यांत न्यावयास तेवढा माल कोठून आणावा? पुढें २०२५ सालीं हेडरीपासून कोनसरीपर्यंत खनिज वाहून नेणारा नळ सुरू झाला. नळाला परतीचें भाडें लागत नाहीं. त्यानें रस्त्याकांठचे लोक सुखावले असतील, पण कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांच्या पोटांत गोळाच आला असेल.

आम्हीं विचारिलें, "कोळसा आणणारी गाडीच राख घेऊन परत कां जात नाहीं?"

"जाऊं शकते, गुरुजी. बंद पडलेल्या खाणी राखेनें भरण्यास परवानगी आहे. ओलसर राख, उघडा टिप्पर, वर ताडपत्री. पण कोळशाचें कंत्राट एका दारीं निघतें, राखेचें दुसऱ्या दारीं. दोन्ही एकाच्या हातीं येत नाहींत."

येथें आम्हांला आमच्या मतें खरी गांठ सांपडली. राखेंतील क्षार विहिरींत उतरूं नयेत ही तजवीज खाण भरण्यापूर्वीं हवीच. पण निविदा लिहिणारे राखेचे टन काटेकोर मोजतात, रिकाम्या गाडीचे किलोमीटर मोजीत नाहींत; ते मोजून दोन्ही कामें एकत्र दिलीं, तर डिझेलहि वांचेल आणि लहान गाडीवालाहि वांचेल.

आईच्या पाटल्या गहाण पडल्या नाहींत. बल्करचा विचार सोडून त्यानें एक जुना टिप्पर घेतला. धाकट्या भावानें कोळशाच्या कामासाठीं खटपट केली, यानें राखेच्या. दिवाळीच्या आधीं कोळशाचें काम मिळालें, राखेचें अद्याप नाहीं. सध्यां खाणीकडे जातांना गाडींत घडी घातलेली नवी ताडपत्री तेवढी असते.