राखीव साइटची बैठक

राखीव अथवा बॅकअप साइट म्हणजे रायफलवरील दुर्बीण निकामी झाल्यास नेम धरण्यासाठी बसवलेली यांत्रिक साइट होय. पुढील माशी व मागील छिद्र हे तिचे दोन भाग असतात. ती बहुधा पिकॅटिनी पट्टीवर बसते. अमेरिकी लष्कराने हे मानक १९९५ साली स्वीकारले. भारतीय सैन्याने २०१९ मध्ये मागवलेल्या सिग ७१६ रायफलींवरही अशी पट्टी आहे.

स्थिर बैठक स्क्रूने आवळली जाते व एकदा जुळवलेला नेम टिकवते. झटपट निघणारी बैठक तरफेमुळे अवजाराविना सुटते. मात्र तरफ सैल राहिल्यास वा साइट दुसऱ्या खाचेत बसवल्यास नेम ढळतो.

राखीव साइट क्वचितच काढावी लागते, म्हणून तिला स्थिर बैठक योग्य ठरते. याउलट बिघडलेली दुर्बीण दृष्टिरेषेतून तत्काळ दूर करावी लागत असल्याने झटपट निघणारी बैठक दुर्बिणीस अधिक उपयुक्त असते.