कावेरीतला 54 किलोचा मासा: लोणावळ्याहून गेलेल्या भाऊबंदांनी त्याची जागा घेतली का?

गळ टाकून मोठा मासा पकडण्याचा छंद असलेल्या जगभरातल्या लोकांना भारतातल्या नद्या विचारा. रामगंगा, महाकाली, आसाममधली जिया भरली ही नावं येतील. पण बहुतेकांच्या यादीत सगळ्यात वर असेल कावेरी. कारण एकच, महसीर.

महसीर हा वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा. गळाला लागला की तो खडकांमधून, धारेच्या दिशेने असा काही पळतो की रिळावरची दोरी संपत येते. त्यामुळे ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्याचं वेड लागलं होतं. एच. एस. थॉमस या अधिकाऱ्याने 1873 मध्ये भारतातल्या मासेमारीवर लिहिलेल्या 'द रॉड इन इंडिया' या पुस्तकात महसीरला मानाचं स्थान आहे. जिम कॉर्बेटच्या नरभक्षक वाघांच्या पुस्तकातही एक प्रकरण चक्क महसीरवर आहे.

कावेरीच्या खोऱ्यातला महसीर मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळा. पाठीवर उंचवटा, कल्ले आणि शेपटीवर केशरी झाक, आणि वजन माणसाएवढं. 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने कावेरीची उपनदी असलेल्या काबिनीत 120 पौंडांचा, म्हणजे जवळपास 54 किलोचा महसीर पकडला. (हे कुटुंब वाघ-बिबट्यांच्या कातड्यात पेंढा भरून देण्यासाठी प्रसिद्ध होतं.) गळाने पकडलेल्या महसीरचा हाच विक्रम आजही सांगितला जातो.

मासा पकडायचा आणि सोडून द्यायचा

स्वातंत्र्यानंतर हा मासा बाहेरच्या जगाच्या जवळपास विस्मरणात गेला. 1970 च्या दशकाच्या शेवटी काही ब्रिटिश तरुण त्याला शोधत कावेरीवर आले, त्यांना तो सापडला, आणि पुन्हा गर्दी सुरू झाली. कर्नाटकात भीमेश्वरी, गलीबोरे, दोड्डामक्कळी इथे कॅम्प उभे राहिले. गोल टोपलीसारखी होडी, गळाला नाचणीच्या पिठाचा गोळा आणि सोबत स्थानिक वाटाड्या, असा तिथला थाट.

नियम एकच होता: मासा पकडायचा, वजन नोंदवायचं आणि जिवंत सोडायचा. एरवी सुरुंगाच्या दारूने मासे मारणाऱ्या काही गावकऱ्यांनाच कॅम्पवर वाटाडे आणि राखणदार म्हणून काम मिळालं. मेलेल्या माशाचे पैसे एकदाच मिळतात, जिवंत माशाचे दर हंगामात, हा हिशोब त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

मासा वाचवण्यासाठी त्याच्या तोंडात गळ अडकवायचा हे ऐकायला विचित्र वाटतं. अनेक प्राणिप्रेमींना ते पटत नाही, आणि माशाला त्रास होतो हे खरंच आहे. पण नदीवर रोज कुणीतरी हजर असणं ही काही लहान गोष्ट नव्हती.

वह्यांनी काय सांगितलं?

गलीबोरेच्या कॅम्पवर पकडलेल्या माशांच्या नोंदी होत्या. संशोधकांनी 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी तपासल्या. वरवर चित्र छान होतं, कारण तासाला मिळणारे मासे वाढत होते. पण जातीनुसार आकडे वेगळे केल्यावर गडबड दिसली. वाढत होता तो निळसर परांचा महसीर. पाठीवर उंचवटा असलेला मूळचा महसीर कमी कमी होत होता, आणि जे मिळत होते ते मोठेच मिळत होते. म्हणजे म्हातारे उरले होते, पिल्लं वाढतच नव्हती.

हा निळसर परांचा महसीर आला कुठून? इथे गोष्ट आपल्याकडे येते. 'टॉर खुद्री' या नावाचा हा मासा. कर्नल साइक्सने 1839 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. 1970 च्या दशकात लोणावळ्यात टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात त्याचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. महसीर देशभर कमी होतोय, तर पिल्लं वाढवून नद्यांमध्ये सोडूया, असा चांगला हेतू. ही पिल्लं अनेक राज्यांत गेली, कावेरीतही सोडली गेली.

त्याने मूळ माशाला हटवलं, असं संशोधकांना वाटतं. धरणं, वाळूउपसा आणि प्रदूषण यांचाही वाटा आहेच, त्यामुळे सगळा दोष लोणावळ्याच्या पिल्लांवर टाकणं बरोबर नाही. पण 'महसीर म्हणजे महसीर, कुठलाही सोडा' ही समजूत महागात पडली, एवढं नक्की.

गंमत म्हणजे जगप्रसिद्ध असूनही कावेरीतल्या या माशाची शास्त्रीय ओळख 2018 पर्यंत पक्की झाली नव्हती. नीलगिरीच्या पायथ्याच्या मोयार नदीत मिळालेल्या माशांची तपासणी झाली आणि तो 'टॉर रेमादेवी' असल्याचं ठरलं. नाव नसल्यामुळे तोवर त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतही जागा नव्हती. त्याच वर्षी 'आययूसीएन'ने त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं. अस्वलं आणि वाघांवर प्रेम करणाऱ्या देशात 50 किलोचा मासा असा निनावी राहतो, कारण तो पाण्याखाली असतो आणि कुणाला दिसत नाही.

मग कॅम्प का बंद झाले?

ही ठिकाणं कावेरी वन्यजीव अभयारण्यात येतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात गळ टाकणं म्हणजे शिकारच, असा अर्थ लावला गेला आणि 2012 च्या सुमारास तिथली मासेमारी थांबली. कायद्याच्या भाषेत ते बरोबरही असेल. पण गळवाल्यांसोबत राखणदारांचा रोजगार गेला आणि दरवर्षीच्या नोंदीही गेल्या. आज गलीबोरेच्या पात्रात मूळचे किती महसीर उरलेत, हे सांगणारी वही आता कुणी लिहीत नाही.

महाराष्ट्रात महसीर बघायचा तर गळ लागत नाही. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या डोहात आणि महाडजवळ वाळणकोंडला काळ नदीत देवाचे मासे म्हणून गावाने ते राखलेत. तिथे ते पकडायला बंदी आहे, पण पाण्यात खाऊ टाकला की काठावरूनच दिसतात.