बापलेकांनी तांबरमला जावे

१८४३ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एक बाप आपल्या मुलाचा ताबा मागायला उभा राहिला. मुलाचे नाव श्रीपत शेषाद्री. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता आणि धाकटा श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. तो अजाण वयाचा, म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले. पुढे त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावरून ब्राह्मण समाजात मोठे वादळ झाले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले आणि त्याची झळ त्यांनाही लागली. थोरले नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले, जालन्याजवळ त्यांनी बेथेल वसवले. एका घरचे दोन मुलगे दोन वाटांना लागले आणि बाप मधे राहिला.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घराण्यांची सुरुवात अशाच ताटातुटीने होते. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ साली बेळगावात झाला. आईवडिलांपासून तुटण्याचे दुःख त्यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात पानोपानी आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू यांच्यापासून ते दुरावले. ती वर्षे कशी गेली हे लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको. येशूच्या मागे निघालेल्या त्या पहिल्या पिढीला बापाचा हात सोडूनच निघावे लागले. आज एखादा मराठी ख्रिस्ती बाप मुलाला सोबत घेऊन विश्वासाच्या निमित्ताने चार दिवस प्रवासाला निघतो, तेव्हा आपल्या पणजोबांना न मिळालेली गोष्ट आपल्याला मिळते आहे, याची जाणीव त्याने ठेवावी असे मला मनापासून वाटते.

अशा सहलींची रीत अमेरिकेत जुनी आहे. १९२६ साली सेंट लुईसच्या वायएमसीएतले हॅरल्ड केल्टनर यांनी जो फ्रायडे या ओजिब्वे वाटाड्याच्या साथीने बापलेकांचे संघ काढले. मुलाला रान, शिकार, मासेमारी शिकवणे हे आमच्यात बापाचेच काम असते, असे फ्रायडे यांनी सांगितले आणि केल्टनर यांना ते पटले. तंबू, नदी, शेकोटी आणि शेकोटीभोवतीची प्रार्थना असा तो कार्यक्रम. तो चांगलाच आहे. पण आपल्या मुलांना रानापेक्षा आधी इतिहास दाखवायला हवा, असे माझे मत आहे. आपला विश्वास कोठून आला, त्यासाठी कोणी काय सोसले आणि त्याच्याशी कोण भांडले, हे मुलाला माहीत नसते. रविवारच्या शाळेत ते कोणी सांगत नाही.

म्हणून मी मुलाला घेऊन चेन्नईच्या दक्षिणेला तांबरमला गेलो. नगरच्या माणसाला तांबरम दूरचे वाटेल, पण एक धागा थेट नगरहून तिकडे जातो. हरिपंत खिस्ती हे नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधले सुरुवातीच्या ब्राह्मण ख्रिस्ती लोकांपैकी एक. त्यांची मुलगी कृपाबाई १८६२ साली नगरला जन्मली. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने, भास्करने तिला हाताशी धरून वाढवले. पुढे ती डॉक्टरीचे शिक्षण घ्यायला मद्रासला गेली आणि सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी लग्न होऊन तिकडचीच झाली. नगरचे दिवस, वडील आणि भाऊ यांच्या आठवणींतून तिने 'सगुणा' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. ती १८८७-८८ मध्ये प्रथम छापली ती 'मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन'ने. त्याच कॉलेजचे आवार आज तांबरमला आहे.

चेन्नई बीचवरून तांबरमची लोकल निघते. १९३१पासून हा मार्ग विजेवर चालतो. बापलेकांच्या सहलीला याहून सोयीची वाट नाही, कारण पाहण्यासारखे सगळे या एका मार्गावर ओळीने येते. सैदापेटला उतरले की जवळच लिटल माउंटची गुहा. प्रेषित थोमा तिथे लपला होता, अशी परंपरा. सेंट थॉमस माउंट स्टेशनजवळ तो डोंगर, जिथे थोमा हुतात्मा झाला असे मानतात. वर पोर्तुगीजांनी १५२३ साली बांधलेले चर्च आहे आणि आत १५४७ साली सापडलेला दगडी क्रूस. त्यावरची अक्षरे पहलवी लिपीतली आहेत.

पायऱ्या चढताना मुलाने विचारले, "पप्पा, थोमा इथं खरंच आला होता का?"

मी त्याला मला माहीत होते तेवढे सांगितले. 'थोमाची कृत्ये' हा सिरियाक ग्रंथ तिसऱ्या शतकातला आहे. त्यात गोंडोफरनेस नावाचा राजा येतो आणि त्याच्या नावाची नाणी खरोखर सापडली आहेत. पण त्याचे राज्य वायव्येला होते, मद्रासकडे नव्हते. या किनाऱ्यावर थोमाची कबर असल्याचे तेराव्या शतकात मार्को पोलोने लिहून ठेवले आहे. डोंगरावरचा क्रूस पहिल्या शतकातला नाही, पुष्कळ नंतरचा आहे. केरळच्या ख्रिस्ती लोकांनी ही परंपरा शतकानुशतके जिवापाड जपली आहे, आणि इतिहासकारांचे मात्र एकमत नाही. खात्रीने सांगता येईल ते एवढेच. ज्या थोमाने खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हटले आणि ज्याला प्रभूने त्यासाठी झिडकारले नाही, त्याच्याच डोंगरावर मुलाला पुराव्याबद्दल खोटे सांगणे मला जमले नसते. मुलगा निराश झाला नाही. उलट इतका वेळ तो मोबाइलमध्ये होता, तो माझ्याबरोबर चालू लागला.

याच डोंगराच्या पायथ्याजवळ विल्यम लॅम्बटनने १० एप्रिल १८०२ रोजी भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली आधाररेषा मोजायला घेतली. तो वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. त्याची कबर तिथे आहे. विषयाला थोडे सोडून आहे, पण मराठी मुलाला हे सांगायलाच हवे.

तांबरमच्या एक स्टेशन अलीकडे तांबरम सॅनेटोरियम. इंग्लंडमध्ये क्षयरोगाचे काम करून परतलेले डॉ. डेव्हिड चौरी मुथू यांनी १९२८ साली ते उभे केले. १९३७मध्ये सरकारने ते चालवायला घेतले. पुढे नव्वदच्या दशकात, एचआयव्हीच्या रुग्णाला कोणी जवळ करत नव्हते तेव्हा, याच रुग्णालयाने त्यांना दाखल करून घेतले.

आता कॉलेज. १८३७ साली जॉन अँडरसन यांनी मद्रास शहरात काढलेल्या शाळेतून ते वाढले. विल्यम मिलर यांनी त्याला नाव मिळवून दिले. मिलर यांचा भर बाप्तिस्म्यांच्या संख्येवर नव्हता. शिक्षणातून ख्रिस्ती मूल्ये समाजात झिरपावीत आणि वसतिगृहात शिक्षक-विद्यार्थी एकत्र राहून शील घडावे, असे ते मानत. यासाठी मिशनच्या लोकांनी त्यांना पुष्कळ नावे ठेवली. १९३७च्या जानेवारीत कॉलेज तांबरमच्या ३६५ एकरांच्या खुरट्या रानात आले. एडवर्ड आणि अॅलिस बार्न्स या दांपत्याने तिथली झाडे अभ्यासली, नवी लावली. सेलैयूर, सेंट थॉमस आणि बिशप हीबर ही तीन वसतिगृहे अजून त्या जुन्या कल्पनेची साक्ष देतात. टी. एन. शेषन या कॉलेजचे विद्यार्थी आणि काही काळ इथलेच शिक्षक, हे ऐकून मुलाला विशेष वाटले.

इथे आणखी एक बापलेकांची गोष्ट सांगितली पाहिजे. पी. चेंचय्या हे नेल्लोरच्या एका हिंदू वकिलाचे चिरंजीव. ते शाळकरी वयाचे असताना वडिलांसह सगळे घर ख्रिस्ती झाले. आपल्या शेषाद्री घराण्याच्या नेमके उलट! बाप आणि मुलगा एकत्र नव्या वाटेला लागले. चेंचय्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकले, पुदुकोट्टई संस्थानात मुख्य न्यायाधीश झाले. ख्रिस्ताला मानताना हिंदू वारशाशी वैर धरायची गरज नाही, हे त्यांनी आयुष्यभर निर्भयपणे मांडले. बापाचा हात न सुटल्यामुळे त्यांना हे धैर्य आले असावे, असे मला वाटते. पुराव्याने सिद्ध होण्यासारखे हे विधान नाही, पण टिळकांना जे 'देवाचा दरबार' या आपल्या संघासाठी शेवटी मिशनची नोकरी सोडून करावे लागले, ते चेंचय्या घरातूनच शिकून आले होते.

या रानात १९३८च्या डिसेंबरात जगभरचे ख्रिस्ती लोक जमले. इंटरनॅशनल मिशनरी कौन्सिलची परिषद खरे तर चीनमध्ये हांगचौला व्हायची होती. जपानने चीनवर चढाई केल्यामुळे ती तांबरमला हलवली. सुमारे सत्तर देशांतून ४७१ प्रतिनिधी आले. अध्यक्ष होते वायएमसीएचे जगप्रसिद्ध नेते जॉन मॉट; परिषदेपूर्वी ते वर्ध्याजवळच्या सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गांधीजींना भेटून आले होते. यजमानपणाचा मोठा भार दोर्नकलचे बिशप अझरय्या यांच्यावर होता. एका खेड्यातल्या तमिळ पाळकाचा हा मुलगा, अँग्लिकन चर्चचा पहिला भारतीय बिशप आणि याच कॉलेजचा विद्यार्थी.

चीनच्या प्रतिनिधींच्या प्रमुख होत्या वू यीफांग. त्यांचे जिनलिंग कॉलेज नानकिंगला. वर्षभरापूर्वी जपानी सैन्याने तिथे कत्तल केली, तेव्हा हजारो बायका-मुलींनी त्या कॉलेजच्या आवारात आसरा घेतला होता. त्याच परिषदेत जपानचे तोयोहिको कागावाही होते. शत्रूवर प्रीती करा हे वचन आपण दर रविवारी ऐकतो. तांबरमला ते एका छताखाली बसून पाळायचे होते, आणि ते सोपे गेले नसणार.

मोठा वाद मात्र दुसराच झाला. हॉलंडचे हेंड्रिक क्रेमर यांनी या परिषदेसाठी जाड ग्रंथ लिहिला होता. ख्रिस्तातले प्रकटीकरण आणि माणसांचे धर्म यांत खोल दरी आहे, असे त्यांचे म्हणणे. चेंचय्या, त्यांचे मेहुणे चक्करै आणि त्यांच्या मित्रांनी परिषदेपूर्वीच 'रीथिंकिंग ख्रिश्चॅनिटी इन इंडिया' हे पुस्तक काढून उत्तर दिले. आणि या कॉलेजचे प्राचार्य ए. जी. हॉग यांनीही क्रेमरना विरोध केला. परधर्मातल्या माणसाचीही देवाशी खरी गाठ पडते, हे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांत पाहिले होते. त्यांचा एक विद्यार्थी सर्वपल्ली राधाकृष्णन. मिशनऱ्यांची टीका ऐकून पेटलेल्या या तरुणाने १९०८ साली वेदान्ताच्या नीतीवर प्रबंध लिहिला, टीकेला उत्तर म्हणून. हॉग यांनी त्याची मनापासून प्रशंसा केली. आपल्याला खोडून काढणाऱ्या विद्यार्थ्याला शाबासकी देणे यालाच मी शील म्हणतो, आणि मुलाला ते कॉलेजच्या आवारात उभे राहून सांगितले.

त्या ४७१ जणांत दक्षिण आफ्रिकेचा एक चाळिशीचा झुलू प्रमुख होता, अल्बर्ट लुथुली. त्याचे वडील मिशनचे काम करत. तो तान्हा असतानाच ते वारले. १९५२ साली सरकारने त्याला सांगितले, आफ्रिकन नॅशनल काँग्रेस सोड नाहीतर प्रमुखपद सोड. त्याने काँग्रेस सोडली नाही, पद गेले. त्यावर काढलेल्या निवेदनात त्याने स्वातंत्र्याची वाट क्रुसावरूनच जाते असे सांगितले. १९६० सालचा शांततेचा नोबेल त्याला मिळाला. मॉटना तो १९४६ साली मिळाला होता. शांततेच्या नोबेलचे दोन मानकरी तांबरमच्या या रानात एकाच वेळी वावरले, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

परतीच्या गाडीत मुलगा म्हणाला, "मला हॉगचं पटलं. क्रेमरचं नाही." मी क्रेमरची बाजू थोडी मांडून पाहिली, कारण तीही हलकी नाही: सगळे धर्म सारखेच म्हटले तर नारायण शेषाद्री, टिळक यांनी एवढे सोसले ते कशासाठी, हा प्रश्न उरतोच. सोलापूर येईपर्यंत आम्ही त्यावर बोलत होतो. इतके आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो.

मुले दहावी-बारावीच्या धबडग्यात सापडण्याआधी मराठी ख्रिस्ती बापांनी त्यांना घेऊन हा प्रवास करावा. हिंदू, बौद्ध, मुसलमान मित्रांनीही आपापल्या घराण्याच्या विश्वासाचे असे एखादे गाव शोधून मुलांना तिथे न्यावे. तांबरमला जायचे तर डिसेंबर-जानेवारीत जा. उन्हाळ्यात तो डोंगर चढवत नाही. कॉलेज चालू असते, म्हणून आवार पाहायला आधी पत्र लिहून परवानगी घ्या. निघण्यापूर्वी 'अरुणोदय' आणि 'स्मृतिचित्रे' ही दोन पुस्तके बापाने स्वतः पुन्हा वाचावीत, आणि गाडीत मुलाच्या हातात द्यावीत.